इंगित : पत्त्यांच्या डावात समोरचा माणूस वाचण्याविषयी

‘यातलं इंगित काय?’ असं आपण विचारतो तेव्हा आपल्याला आतलं गुपित हवं असतं. मूळ संस्कृतात इंगित हे गुपिताचं नाव नव्हतं, गुपित बाहेर फोडणाऱ्या हालचालीचं होतं. मराठीने खुणेचं नाव खुणेमागच्या गोष्टीला देऊन टाकलं आणि खुणेसाठी शब्द उरला नाही. पत्ते खेळणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली आहे. पोकर खेळणारे सरळ ‘टेल’ म्हणतात. तीन पत्तीवाले काहीच म्हणत नाहीत. ‘याला पानं लागलीत, तोंड बघ त्याचं’ एवढं शेजारच्याच्या कानात पुटपुटतात. पानं उचलल्यावर थबकणारा श्वास, चाल टाकताना अडखळणारा हात, उगाच वाढलेली बडबड, अचानक आलेला गप्पपणा, या सगळ्याला या पुस्तकात मी इंगितच म्हणणार आहे. जुन्या शब्दांची हौस हे त्याचं कारण नाही. कौटिल्याने या शब्दाची जी व्याख्या करून ठेवली आहे, ती पोकरवरच्या बहुतेक पुस्तकांपेक्षा कामाची आहे.

ही व्याख्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात, राजाने मसलत गुप्त कशी राखावी या प्रकरणात येते. मसलत फुटते कशी याची तिथे मोठी मजेदार यादी आहे. पोपट-मैनांनी आणि कुत्र्यांनीसुद्धा गुपितं फोडल्याचं ऐकिवात आहे, असं कौटिल्य गंभीरपणे सांगतो. गाफीलपणा, मद्य, झोपेतली बडबड आणि प्रेमप्रकरण हे फुटीचे मार्ग तर आजही चालू आहेत. माणसांच्या या चुकांच्या आधी तो दूत, अमात्य आणि खुद्द स्वामी यांच्या इंगिताचा आणि आकाराचा उल्लेख करतो. आकार म्हणजे चेहऱ्यामोहऱ्यावर उमटलेलं रूप. इंगित म्हणजे माणसाचं त्याच्या नेहमीच्या रीतीपेक्षा वेगळं वागणं. व्याख्या एवढीच आहे. तिच्यात घामाचा उल्लेख नाही, डोळ्यांचा नाही, हाताचाही नाही. ‘नेहमीपेक्षा वेगळं’ या दोन शब्दांत तिचं सगळं वजन आहे, आणि या पुस्तकाचं म्हणणंही तेवढंच आहे: खूण अंगावर नसते, ती माणसाच्या कालच्या आणि आजच्या वागण्यातल्या फरकात असते. ज्याला समोरच्याचं काल ठाऊक नाही, त्याला आज दिसूनही वाचता येत नाही.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसीची आखणी झाली, टेल्को आणि बजाज आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे कारखान्यांची रांग भोसरी-मोशी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे, खालुंब्रेपर्यंत गेली. कारखान्यांबरोबर पाळ्या आल्या आणि पाळ्यांबरोबर अवेळी जागी असणारी तरुण माणसं. दुसरी पाळी रात्री सुटते. कंपनीची बस कुरुळीच्या किंवा आंबेठाण चौकाच्या कोपऱ्यावर सोडते. कॉट बेसिसवरच्या खोलीत झोप लगेच येत नाही, आणि सतरंजीवर पत्ते पडतात. लोणावळा लोकलमध्ये ब्रीफकेस मांडीवर आडवी ठेवून रमी चालते, गणपतीच्या मांडवात रात्रीच्या राखणीला मेंढीकोट, दिवाळीत तीन पत्ती. पोकर इथे उशिरा आला, आधी मोबाइलवर, मग आयटीतल्या पोरांच्या फ्लॅटमध्ये. पण माणूस वाचण्याची गरज पोकरइतकीच, कदाचित जास्तच, तीन पत्तीला आहे. रमीत फेकलेली पानं लक्षात ठेवता येतात, मेंढीकोटात उतरलेले हुकूम मोजता येतात. तीन पत्तीत एकही पान उघडं नसतं. समोर असतो तो फक्त माणूस आणि त्याची चाल.

मग त्या माणसाकडे कसं पाहायचं? आजवरचं लोकप्रिय उत्तर कोशासारखं आहे. या हालचालीचा हा अर्थ, त्या हालचालीचा तो. अमेरिकेतल्या माइक कॅरो यांनी १९८४ साली पोकरमधल्या देहबोलीवर सचित्र पुस्तक काढलं तेव्हापासून हा कोश वाढतोच आहे. कॅरोंचं मुख्य सूत्र असं की पानं जोरदार असलेला खेळाडू मरगळल्याचं सोंग करतो आणि हात रिकामा असलेला छाती काढतो. सूत्रात तथ्य आहे. सुस्कारा टाकून खांदे पाडून, ‘चला, बघू’ म्हणत चाल वाढवणाऱ्याला घाबरावं, हे आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंनाही न शिकवता कळतं. अडचण आहे ती सूत्राच्या पुढच्या सरसकट याद्यांची. नाक खाजवलं म्हणजे अमुक आणि पानांकडे पुन्हा पाहिलं म्हणजे तमुक, असं म्हणताना नाक कोणाचं, हा प्रश्नच उरत नाही. काही माणसं दिवसभर नाक खाजवतात.

माणसं एकमेकांचं खोटं किती पकडतात याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली अशा दोनशेवर अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. पारख करणारे सुमारे २४ हजार लोक होते. खरं की खोटं याचा त्यांचा अंदाज सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर आला. डोळे मिटून नाणं उडवलं असतं तर ५० वेळा आला असता. सगळ्या निरीक्षणाची, सगळ्या ‘मला माणसं कळतात’ची कमाई चार. याहून बोलकी गोष्ट डोळ्यांची आहे. खोटं बोलणारा कसा ओळखावा असं ५८ देशांतल्या लोकांना विचारलं तेव्हा सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर एकच होतं: तो नजर चुकवतो. आणि डीपॉलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दीडशेवर खुणा तपासल्या, तेव्हा नजर चुकवण्याचा खोट्याशी दखल घेण्याजोगा संबंध दिसला नाही. म्हणजे जगभरच्या माणसांचा ज्या खुणेवर सर्वांत जास्त भरवसा आहे, तीच पोकळ निघाली. हे अभ्यास पत्त्यांवरचे नाहीत, खोटं बोलण्यावरचे आहेत, हे मान्य. पण रिकाम्या हाताने चाल वाढवणं हेही न बोलता सांगितलेलं खोटंच आहे.

थेट पत्त्यांवरचा एक अभ्यास मात्र आहे आणि त्याचा निकाल अनपेक्षित आहे. मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी होत्या. क्षणभराच्या दर्शनावरून माणसं किती अचूक अंदाज बांधतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. पोकरच्या २००९ सालच्या जागतिक स्पर्धेतले, खेळाडू पैसे पुढे सरकवतानाचे एक-दोन सेकंदांचे मूक तुकडे या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवले. काहींना खेळाडूचं कमरेच्या वरचं सगळं शरीर दिसलं, काहींना नुसता चेहरा, काहींना नुसते हात. चेहरा पाहणाऱ्यांचा पानांविषयीचा अंदाज नाणेफेकीच्या पुढे गेला नाही, सगळं शरीर पाहणाऱ्यांचाही नाही. नुसते हात पाहणारे मात्र योगायोगापेक्षा बरे ठरले. पानं चांगली असलेल्याचा हात सलग, न अडखळता पुढे जातो, असं पुढच्या तपासणीत दिसलं. यात एक व्यावहारिक धडा आहे. व्यावसायिक खेळाडूने चेहऱ्यावरची रेषाही न हलू देण्याचा वर्षानुवर्षं सराव केलेला असतो. हाताला कोणी शिकवलेलं नसतं. दहाच्या चार नोटा सतरंजीच्या मध्यापर्यंत नेणारी बोटं पाहा. आधी मोजून हातात धरलेल्या नोटा एका दमात जातात, की हात अर्ध्यात थांबून अंगठ्याने एक नोट चाचपून पुढे जातो?

माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप इथूनच येतो. ते विद्यार्थी त्या खेळाडूंना ओळखत नव्हते, कालचा हात त्यांनी पाहिला नव्हता, तरी त्यांना काहीतरी दिसलंच. मग ओळखीचा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो पूर्ण उडवून लावता येत नाही. अनोळखी हातातही थोडी माहिती असते. पण किती थोडी, आणि तिच्यावर पैसे लावावेत का, हा हिशेब वेगळा आहे, आणि तो मांडायला तीन पत्ती सोयीची आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांतले १६,४४० हात, म्हणजे शंभरातले सुमारे ७४, नुसते सुटे: ना जोडी, ना रंग, ना क्रम. उरलेल्या २६ मध्ये १७ जोड्या. ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, लागण्याची शक्यता चारशे-सव्वाचारशे हातांत एकदा. आता धरून चालू की एखादी खूण चांगला हात असताना शंभरात ६० वेळा दिसते आणि सुट्या पानांवर ३०. दुप्पट फरक, अशी खूण सापडली तर कोणीही खूश होईल. शंभर डावांत चांगले हात २६, त्यांत खूण दिसेल १६ वेळा. सुटे ७४, त्यांत दिसेल २२ वेळा. खूण एकूण ३८ वेळा दिसली आणि त्यांतल्या २२ वेळा समोरच्याकडे काहीच नव्हतं. पानं पाहून पॅक करणारे बाजूला झाले की उरलेल्यांत चांगल्या हातांचं प्रमाण वाढतं आणि आकडे थोडे सुधारतात, हे खरं. पण ते सुधारतात चालीमुळे, खुणेमुळे नव्हे. टिकून राहणं आणि दुप्पट करणं हेच पहिलं इंगित. बोटांची थरथर त्याच्यामागून येते.

ही खूण साठ-तीसवरून नव्वद-दहावर कशी न्यायची, याचं उत्तर या पट्ट्यातल्या वाचकाला शोधत फिरावं लागणार नाही. ते त्याच्या मशीनशेजारच्या बोर्डावर लटकलेलं असतं. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली बेलच्या टेलिफोन कारखान्यांसाठी आखलेला कंट्रोल चार्ट आज भोसरीच्या लहानशा वर्कशॉपातही असतो, कारण गाड्यांच्या कंपन्या तो मागतात. ठरावीक वेळाने पाच जॉब उचलायचे, मायक्रोमीटर लावायचा, सरासरीचा ठिपका मांडायचा. शूहार्ट यांची खरी करामत ठिपक्यांत नाही, दोन रेषांत आहे. प्रत्येक मशीन आपापल्या परीने थोडं डगमगतं. तो त्याचा स्वभाव. त्या स्वभावाची हद्द वरच्या आणि खालच्या रेषेने दाखवायची आणि ठिपका हद्दीबाहेर गेला तरच मशीन थांबवून कारण शोधायचं. या रेषा ड्रॉइंगवरून काढता येत नाहीत, शेजारच्या मशीनवरूनही नाही. त्या त्याच मशीनच्या आधीच्या निदान वीस-पंचवीस नोंदींवरून काढाव्या लागतात. एवढी तयारी करूनही खोटा इशारा अधूनमधून मिळतोच, साधारण ३७० ठिपक्यांत एकदा. उलटही होतं: सगळे ठिपके हद्दीत असतात, पण सलग सात मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडतात, आणि जाणता सुपरवायझर टूल तपासायला सांगतो.

कौटिल्याची व्याख्या आणि शूहार्ट यांच्या रेषा एकच गोष्ट सांगतात, आणि ती सांगताना दोघंही कोशाला नकार देतात. अमुक मायक्रॉन म्हणजे बिघाड, असं शूहार्ट म्हणत नाहीत. या मशीनला न शोभणारा मायक्रॉन म्हणजे बिघाड. एखाद्याचा हात कायमच थरथरतो. दिवसभर ग्राइंडर धरला असेल, चहा जास्त झाला असेल, तंबाखू सोडून तिसरा दिवस असेल. त्याच्या थरथरीत माहिती शून्य. त्याचाच हात एका डावात दगडासारखा स्थिर झाला, तर ती बातमी आहे. सेटरमंडळी आणखी एक गोष्ट जाणतात. नवा ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि दर वेळी ऑफसेट हलवतो. जॉब दोन मायक्रॉन जाड आला की दोन कमी, बारीक आला की दोन जास्त. त्याला वाटतं आपण दक्ष आहोत. प्रत्यक्षात मशीनच्या नैसर्गिक डगमगीत त्याने स्वतःची डगमग मिसळलेली असते आणि रिजेक्शन वाढलेलं असतं. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी नरसाळ्यातून गोटी सोडून हेच दाखवलं होतं. पत्त्यांच्या डावातही असा ऑपरेटर असतो. समोरच्याने मान वळवली की याने पॅक केलं, समोरचा हसला की याने चाल दुप्पट केली. समोरच्याकडे न पाहता नुसत्या स्वतःच्या पानांवर खेळला असता तर त्याचं नुकसान कमी झालं असतं. माणूस वाचणाऱ्याने आधी न वाचायला शिकावं, असं मी पुढे वारंवार म्हणणार आहे. काही वाचकांना त्याचा कंटाळा येईल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. प्रत्येक कंपूत एखादा असतोच, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की त्याच्यापुढे काही लपत नाही. त्याला कुठे ठिपके मांडावे लागले? मला वाटतं, त्याने मांडलेच आहेत, फक्त कागदावर नाहीत. तीच चार माणसं, तीच खोली, दोन-तीन वर्षं. असा माणूस माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. त्याला दुसऱ्या गावच्या चौघांत बसवा आणि मग बघा. शिवाय त्याच्या कीर्तीतला बराच भाग पत्त्यांच्या नियमांनीच फुगवलेला असतो. समोरच्याने पॅक केलं की पानं उलटी पडून गड्डीत मिसळतात. ‘तुझ्याकडे काही नव्हतं, मी ओळखलं होतं’ हे वाक्य कोणी तपासू शकत नाही. मायक्रोमीटर लावलेलाच नाही आणि जॉब ओके म्हणून पुढे गेला. जे डाव शोपर्यंत जातात तेवढ्यांचाच निकाल कळतो, आणि ते थोडे असतात. बरोबर आलेला अंदाज वर्षभर सांगितला जातो, चुकलेला त्याच रात्री विसरला जातो. अनुभवाने आत्मविश्वास नक्की वाढतो. अचूकपणा तेव्हाच वाढतो, जेव्हा प्रत्येक अंदाजाचा हिशेब होतो.

तिसरा आक्षेप सोंगाचा. समोरचाही काही दुधखुळा नाही. हात मुद्दाम अडखळवेल, सुस्कारे सोडेल, आणि वाचणाराच फसेल. यावर नाट्यशास्त्राकडे जावंसं वाटतं. भरताने वाणीच्या आणि अंगाच्या अभिनयाहून सात्त्विक अभिनय वेगळा काढला, आणि आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग गोठणं, घाम, काटा, आवाज फाटणं, कंप, रंग उडणं, डोळे भरणं, भान जाणं. मन खरोखर त्या अवस्थेत गेल्याशिवाय हे भाव अंगावर येत नाहीत, म्हणूनच तो अभिनय सर्वांत अवघड. नटालाही जे कष्टाने साधतं, ते दिवसभर लाइनवर उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री एक वाजता साधेल याची शक्यता कमी. तो सुस्कारा सोडू शकतो, मानेवरची शीर उडवू शकत नाही. आणि सोंग वठलं तरी तेही नेहमीपेक्षा वेगळंच वागणं असतं. एरवी गप्प बसणारा नाटक करू लागला, तर नाटकाचा अर्थ न लावताही एक गोष्ट कळते: या डावात त्याला आपल्याला काहीतरी पटवून द्यायचं आहे. आपण चाल वाढवावी असं त्याला वाटतंय की पॅक करावं, एवढंच मग ठरवायचं राहतं.

याद्यांचा मोह कौटिल्यालाही सुटला नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवं. राजाला विष देणारा कसा ओळखावा हे सांगताना तो कोरडं आणि काळवंडलेलं तोंड, अडखळणारं बोलणं, घाम, वारंवार जांभया, कंप, ठेच लागणं, इकडेतिकडे बघणं आणि एका जागी न ठरणं, अशी कॅरोंना शोभेल अशी यादी देतो. ‘खाई त्याला खवखवे’ म्हणतात तसं. पण ज्याने खाल्लं नाही तोही घाबरला की खवखवतो. राजवाड्यातला नवा आचारी पहिल्या दिवशी विषाविना घामाघूम होणारच. ही अडचण कौटिल्याला कळलेली होती. चोरीच्या तपासाच्या प्रकरणात तो मांडव्याचं उदाहरण देतो. चोर नसलेल्या मांडव्याने छळाच्या भीतीने आपणच चोर असल्याचं कबूल केलं. म्हणून पुरावा पूर्ण झाल्याशिवाय शिक्षा देऊ नये. भीती आणि गुन्हा एकाच कपड्यात येतात. पत्त्यांत याचं रोजचं रूप साधं आहे: पगाराआधीच्या आठवड्यात खेळणाऱ्याचा हात चांगल्या पानांवरही कापतो, कारण तो पानांना घाबरलेलाच नसतो, घरी पाठवायच्या पैशांना घाबरलेला असतो.

ओळखीची अट या पट्ट्यात किती कठीण होते, हेही इथेच लिहिलेलं बरं. तीस वर्षं एकाच शॉपमध्ये काढलेल्या निगडी-आकुर्डीच्या जुन्या कामगारांना एकमेकांची वर-खालची रेषा पाठ होती. चाकणच्या खोलीतली माणसं टिकत नाहीत. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक मिळालेला टेम्पररी गावी जातो, त्याच्या कॉटवर दुसरा येतो. एक बीडचा, एक यवतमाळचा, एक ओडिशाचा. ओडिशाचा मुलगा डावात गप्प बसतो तो पानं दडवण्यासाठी नाही. ‘पिसलेत का रे?’ एवढ्या मराठीलाही तो मनातल्या मनात फिरवून घेत असतो. कोणत्या गावात मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं उद्धटपणा आहे आणि कोणत्या गावात न बघणं, हे खोलीत कोणी सांगत नाही. अशा ठिकाणी चेहऱ्याचा कोश केवळ निरुपयोगी नसतो, अन्यायकारक असतो. अनोळखी माणसांत बसण्याचं याहून टोकाचं ठिकाण म्हणजे पणजीजवळ मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी. शुक्रवारी रात्री नाशिक फाट्यावरून बसमध्ये बसून शनिवारी तिथे पोकरच्या टेबलाला बसणाऱ्याला समोरच्या आठ जणांची एकही जुनी नोंद हाती नसते. त्याने पहिले दोन तास चेहरे सोडून फक्त चाली पाहाव्यात: कोण वारंवार डावात उतरतो, कोण कधीच नाही, कोणाची रक्कम पानांबरोबर वाढते. हेही ठिपकेच, आणि ते उघड्यावर पडलेले असतात.

उरला तो आक्षेप जो हे पुस्तक हातात घेताच घरातली वडीलधारी मंडळी घेतील: जुगार शिकवताय का? महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आजही लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याचं १३ वं कलम वगळतं. पैसे लावून खेळलेली तीन पत्ती त्या वगळण्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीत कौशल्य आहे असं म्हटलं, तेव्हा आधार दिला तो पडलेली पानं लक्षात ठेवण्याचा आणि कोणतं पान धरावं, कोणतं सोडावं या निवडीचा. आणि तीन पानांच्या खेळाला त्याच निकालात निव्वळ नशिबाचा म्हणून बाजूला काढलं. पोकरबद्दल उच्च न्यायालयांचं एकमत नाही, गुजरातने २०१७ साली त्याला जुगारच म्हटलं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. माझ्या विषयापुरती यातली लक्षणीय गोष्ट अशी की १९६८ च्या निकालात कौशल्य म्हणून मोजली गेली ती पानांची स्मरणशक्ती. माणसांची पारख नाही. मला हे योग्यच वाटतं. जे कौशल्य शंभरात चार वेळा कामाला येतं, त्याच्या भरवशावर पगार लावणाऱ्याला खेळाडू म्हणणं धाडसाचं आहे. खुद्द कौटिल्याने द्यूताला बंदी केली नव्हती. सगळे अड्डे एका ठिकाणी आणले, द्यूताध्यक्ष नेमला, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतले. आणि एकत्र आणण्याचं कारण दिलं ते असं, की छुप्या मार्गाने पोट भरणारे लोक तिथे ओळखू येतात. खेळणारे एकमेकांना वाचत बसलेले, आणि राज्य त्या सगळ्यांना वाचत बसलेलं. पुढच्या प्रकरणांत जी उदाहरणं आहेत ती काड्यापेटीच्या काड्या आणि शेंगदाणे लावून खेळलेल्या डावांना तितकीच लागू पडतात, आणि नोंदी शिकायच्या असतील तर शेंगदाण्यांचा डाव अधिक चांगला, कारण त्यात हरलेला माणूस पानं दाखवायला कुरकुरत नाही.

पहिलं प्रकरण ब्लाइंड खेळणाऱ्यापासून सुरू होतं. ज्याने स्वतःची पानं पाहिलेली नाहीत त्याच्या अंगात पानांविषयी काहीही नसतं. त्याचा हात, आवाज, बसणं, सगळं त्याचं स्वतःचं असतं. नियमाने त्याला पाहून खेळणाऱ्याच्या निम्मी चाल पुरते, म्हणून तो चार-पाच फेऱ्या तसाच राहतो. मधल्या रेषेसाठी याहून स्वच्छ नोंद दुसरी मिळणार नाही. मग एका फेरीला तो तीन पानं जमिनीवरून उचलतो, तळहाताच्या आडोशाला धरतो आणि मागच्या पानाचा कोपरा अंगठ्याने हळूच सरकवतो. खोलीतले बाकीचे त्या क्षणी आपापली पानं पुन्हा एकदा बघत असतात.